गुळाचा अंगठा

मी एक जुना तेलाचा डबा आहे. खरं सांगायचं तर डबा म्हणवून घेण्यासारखं आता माझ्यात फारसं उरलेलं नाही. एका बाजूला दार कापलेलं, आत तारेची जाळी, तळाशी चार बोटं वाळू आणि डोक्यावर निखाऱ्यांनी भाजून काळा पडलेला चौकोन. भंगारवाला येतो, मला उचलून बघतो आणि तोंड वाकडं करतो. मित्रांनो, त्याचं चुकत नाही. वजनात मी कधीच भरलो नाही. पण माझ्या अंगावर सात पोचे आहेत, आणि ते कोणी, कुठं, कशापायी पाडले ते मला तोंडपाठ आहे. माणसांचे पोचे आत असतात. वरून ती हसून सांगतात की काही झालंच नाही. मला ती सोय नाही.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या पोटावर परदेशी अक्षरं होती आणि हातात हात दिलेल्या दोन पंजांचं चित्र होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी तेलानं भरून कोपरवाडीला आलो. हे अहमदपूरकडचं गाव. तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि पाचशे माणसं तिथं खडी फोडत होती, माती वाहत होती. दुपारी सगळ्यांना सुकडी, म्हणजे तेल-गुळात परतलेलं पीठ, मिळे. त्या सुकडीसाठी माझ्यातलं तेल होतं. माझ्या पोटावरचं चित्र पाहून म्हातारी नागुबाई म्हणाली होती, "ह्यातला एक हात देनाऱ्याचा हाय. पर दुसरा सोडंना का म्हून?"

या नागुबाईची सून चांगुणा. माझी गोष्ट म्हणजे निम्म्याहून जास्त तिचीच गोष्ट आहे, म्हणून तिची नीट ओळख करून देतो. बौद्ध वस्तीतली, बावीस वर्षांची, उंचीला बेताची आणि बोलण्याला त्याहून बेताची. नवरा मारोती काम शोधायला हैदराबादेकडं गेला तो गेलाच. मागं सासू, तीन वर्षांची तारामती आणि घरात एक कोरडा रांजण. चांगुणा दिवसभर खडी फोडायची आणि शनिवारी हजेरीच्या मस्टरवर डाव्या हाताचा अंगठा उठवायची.

मस्टर सांभाळायला गुरुलिंग नावाचा कारकून होता. नवीन पोरगा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल. माणूस सरळ होता, पण नको तितका. मस्टरवर शाईचा ठिपका पडला तरी त्याला दुपारची भाकरी गोड लागत नसे. पाचशे माणसांत त्याला एकाचाही चेहरा ठाऊक नव्हता. सारा वेळ मान खाली, मग चेहरे दिसणार कुठून? पण अंगठे मात्र तो ओळखायचा. "हा भोवऱ्याचा केरबा, ही तिरक्या रेघेची नागुबाई," असं त्याचं चाले.

पौषात एके दिवशी चांगुणाच्या हातोडीचा नेम चुकला. दगडाऐवजी डावा अंगठा सापडला आणि टोकापासून मधोमध चिरला. हळद भरून, चिंधी बांधून ती कामावर आली. तीन शनिवार तिनं उजव्या अंगठ्यावर भागवलं; चिंधी दिसत होती म्हणून गुरुलिंगनं ते चालवून घेतलं. चौथ्या शनिवारी जखम भरली होती, पण अंगठा पूर्वीचा राहिला नव्हता. गव्हाच्या दाण्याला मधोमध असते तशी खोल खाच पडली होती. शाईत बुडवून दाबला की दोन पाकळ्या उठत आणि मध्ये पांढरी फट राही.

गुरुलिंगनं ते पाहिलं आणि मस्टर मिटलं.

"हा अंगठा मस्टरवरचा न्हाई. ही बदली बाई हाय."

"म्याच हाय की, सायेब," चांगुणा म्हणाली.

"मागचं पान बघ. ह्यो अंगठा आन् ह्यो अंगठा, हाय का काही मेळ? मी कशावरून धरू?"

मागून नागुबाई पुढं झाली. तिच्या तोंडात दात नव्हते, पण त्यानं काही अडत नव्हतं.

"आरं भस्माच्या! तुज्या वहीपायी सुनंचा अंगठा बदलून आनू व्हय आता? तोंड बघ की तिचं! वर बघायला पैसं पडत्यात का तुला?"

रांगेतली माणसं हसली. गुरुलिंगचे कान लाल झाले. त्यानं खरंच मान वर केली, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा चांगुणाचा चेहरा पाहिला. मग त्यानं मस्टर उघडलं, अंगठा उठवून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'डावा अंगठा दुभंग. बाई तीच.'

पण मनातून तो वरमला होता. दुखऱ्या हातानं खडी नको म्हणून त्यानं तिला सुकडीच्या छपरात पोत्यांच्या राखणीला बसवलं. चुलीवर मात्र बसवलं नाही. बसवलं असतं तर निम्मी रांग उठून गेली असती हे त्याला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि ज्यांनी उठायचं होतं त्यांना तर फारच चांगलं कळत होतं.

आता त्या पोत्यांचं सांगतो. मदतीच्या धान्यात तीन पोती भलत्याच दाण्यांची आली होती. दाणा असा की जणू कोणी पायाखाली चिरडला आहे. चपटा, फिका, फुंकर मारली की उडणारा. पुढं कळलं की त्याला ओट म्हणतात. भोवऱ्याच्या अंगठ्याचे केरबा पाटील म्हणाले, "हे घोड्याचं खानं. निजामाच्या पागेत आसंच आसायचं." गावानं त्याचं नाव 'चपटा' ठेवलं. तो पाण्यात शिजवून पाहिला तर खळीसारखा चिकट गोळा झाला. पोरांनी थुंकला. आधीच पाणी दोन कोसांवरून बैलगाडीतल्या पिंपातून यायचं. शिजवायला एक हंडा आणि चिकटलेली कढई घासायला दोन. गुरुलिंगनं हात जोडले आणि पोती कोपऱ्यात लोटली.

त्या काळी घरात पेरायला बी कोणाच्या उरलं नव्हतं. केरबा पाटलांनी गुपचूप दोन शेर चपटा नेला आणि ओंजळभर पाण्यानं परसात पेरला. दाणा लाटून, वाफवून आलेला; तो कसा उगवणार? पंधरा दिवस म्हातारा रोज सकाळी उकिडवा बसून माती न्याहाळायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "परदेशी हाय. वाट चुकलं आसंल." गाव हसलं, पण फार मोठ्यानं नाही.

चांगुणा त्या पोत्यांशेजारी बसून विचार करत होती. पाणी लागतं म्हणून घोडं अडलंय, तर मग पाणीच नको. तिनं मूठभर चपटा तव्यावर कोरडा भाजला. खमंग वास सुटला. गूळ तेलात पातळ केला, मिठाचे दोन कण टाकले, त्यात चपटा कालवला आणि तव्यावर थापला. खालून करपला, वरून कच्चा. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोवर रिकामा होऊन दारात आडवा पडलो होतो.

"सायेब, ह्यो डबा घिऊ का?"

"घे. मस्टरवर लिहिलेला न्हाई त्यो," गुरुलिंग म्हणाला.

आठवडी बाजारात खाजाभाई पत्रेवाले बसत. चांगुणानं मला त्यांच्यापुढं ठेवलं आणि हातवारे करून सांगितलं: इथं दार, आत जाळी, वर काठ, म्हणजे निखारे घसरायचे नाहीत.

"बाई, ये डब्बा हाय. तंदूर नक्को बनाव उसकू."

"तुमी कापा तर, भाईजान. रडंल त्यो डबा रडंल."

मी रडलो की नाही ते सांगत नाही. छिन्नी बसली तेव्हा पहिला पोचा पडला. खाजाभाईंनी बिजागरी ठोकली, दार दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, "अब ले जाव. इसका खाना पका तो मेरेकू भी चखाव."

मित्रांनो, पहिल्या दिवसाची धग मला अजून आठवते. तळाशी वाळू, खाली बाभळीचा विस्तव, डोक्यावर निखारे. चांगुणा उजव्या हातानं गोळी पत्र्याच्या तुकड्यावर ठेवायची आणि डाव्या अंगठ्यानं दाबायची. गोळीवर दोन पाकळ्यांचा खळगा पडे आणि मध्ये एक उभी धार राही. पहिला पत्रा आत सरकवला आणि घाईत तिनं गुळानं माखलेल्या हातानंच दार लावलं. दाराला आतून तिचा अंगठा लागला. तापल्यावर तो गूळ जळून पत्र्यात बसला. तो ठसा अजून आहे.

थोड्या वेळानं दार उघडलं तेव्हा सारं छप्पर दरवळलं. बिस्किटं कडेला तांबूस, मध्ये मऊ. नागुबाईनं एक हिरड्यांनी चघळून पाहिलं. सुनेचं कौतुक करायची तिला सवय नव्हती, म्हणून म्हणाली, "गूळ जास्त झालाय," आणि दुसरं उचललं.

आधी बौद्ध वस्तीतली पोरं आली. मग वास गेला तिथवरची सगळी. पोरांच्या आया धावत आल्या, पोरांना ओढायला. तिथं पार्वतीबाई म्हणून शेतकऱ्याघरची एक बाई होती. तिच्या काखेतल्या पोरानं हातातलं बिस्किट सोडलं नाही. पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. पार्वतीबाईनं इकडंतिकडं पाहिलं, जरा विचार केला आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "पान्यातलं आसतं तर न्हवतं चाललं. ह्ये तर कोरडं हाय. भाजल्यालं चालतंय." दुसऱ्या दिवसापासून ते साऱ्यांनाच चालायला लागलं. भुकेनं कोणाचा नियम मोडला नाही. फक्त त्यात एक दार कापलं, माझ्या पोटाला कापलं तसं. चांगुणाला याचा राग आला का? मला माहीत नाही. ती गोळ्या दाबत राहिली. तीन पोती संपेपर्यंत तिच्या अंगठ्याचा ठसा पोटात गेला नाही असं पोर त्या तलावावर उरलं नाही.

गुरुलिंग रोज दोन बिस्किटं खायचा. खाण्याआधी सवयीनं ठसा बघायचा आणि म्हणायचा, "हजर."

मग पाऊसपाणी झालं, तलावाचं काम संपलं, माणसं पांगली. चपटा संपला तसा चांगुणा ज्वारीचा जाड भरडा आणि शेंगदाण्याचं कूट घेऊन तीच बिस्किटं करू लागली; चौदा एप्रिलच्या जयंतीला हमखास. पुढं तेही कमी झालं. मला गोठ्याच्या आडोशाला ठेवलं आणि एका तांबड्या कोंबडीनं माझा ताबा घेतला. चार वर्षं मी अंडी उबवली. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. ऊब देणं हे माझं कामच आहे, पण त्या कोंबडीनं एकदाही आभार मानले नाहीत.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. कालपर्यंत ज्या गावात तालुक्याचे कागद जात, तिथं रातोरात साहेबांची रांग लागली. कचेऱ्या, बंगले, जीपगाड्या, पाट्या रंगवणारे. पाटीवरचा रंग वाळायच्या आत माणसं नोकरीला उभी. चांगुणाही गेली, पण नोकरीपेक्षा मोठं काम घेऊन. तारामती सातवी झाली होती. कोपरवाडीची शाळा तिथंच संपत होती. पोरगी वर्षभर घरात बसून जुनीच पुस्तकं पुन्हा वाचत होती. चांगुणानं तिला सासूपाशी ठेवलं, मला डोक्यावर घेतलं आणि एस.टी.त चढली.

"डब्याचं तिकीट पडंल, मावशे," कंडक्टर म्हणाला.

"का? त्यो काय खिडकीशी बसनार हाय व्हय?"

मला टपावर फेकलं. तिसरा पोचा तिथला.

लातुरात तिला एका साहेबांच्या घरी धुण्याभांड्याचं काम मिळालं. बाईसाहेब पुण्याकडच्या. वाईट नव्हत्या, जुनी साडी देताना फॉल उसवून न घेता देत. नव्या गावात त्यांना करमत नव्हतं आणि नव्या बायकांत आपण उठून दिसावं असं फार वाटे. एकदा त्यांनी पुण्याहून ओटचा डबा मागवला आणि मासिकात बघून बिस्किटं करायला घेतली. विजेची गोल भट्टी लावली आणि वीज गेली. आली तेव्हा कोळसा झाला. चांगुणा ओट्यापाशी भांडी लावत होती. तिनं उघड्या डब्यात हात घातला, दाणे तळहातावर घेतले आणि तिथंच थबकली.

"बाईसायेब, ह्यो तर आमचा चपटा हाय!"

"चपटा काय गं? ओट म्हणतात त्याला."

"म्हनत आसतील. म्या ह्येची तीन पोती भाजल्यात."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आली. माझ्यातली कोंबडीची पिसं झाडली, नवी वाळू भरली. मागच्या अंगणात मी दहा वर्षांनी पुन्हा चपट्यासाठी तापलो. दार लागलं तेव्हा आतला गुळाचा ठसा पुन्हा गरम झाला आणि जुना वास सुटला. बाईसाहेबांनी पहिलं बिस्किट खाल्लं आणि डोळे मिटले. संध्याकाळी त्यांच्याकडं चार साहेबांच्या बायका आल्या. बशी फिरली.

"अय्या, किती सुरेख! कोणी केली?"

बाईसाहेबांनी एकदा बशीकडं पाहिलं. मी मागच्या दारातून पाहत होतो. खरं नाव सांगितलं तर बशी तशीच परत येईल की काय, असं त्यांच्या मनात आलं असावं. कदाचित आलीही असती. पण पाहुण्यांना संधी न देताच त्यांनी उत्तर देऊन टाकलं.

"मीच. सोपी असतात हो."

आत चांगुणाच्या हातातलं पातेलं वाजलं. तेवढंच.

एकदा घेतलेलं नाव परत देणं फार अवघड असतं, मित्रांनो. पुढच्या गुरुवारी पुन्हा बशी फिरली, पुन्हा 'मीच'. आणि याच सुमाराला चांगुणाला कळलं की मुलींच्या नव्या वसतिगृहाला स्वयंपाकीण हवी आहे. राहायला खोली मिळणार होती आणि स्वयंपाकिणीची मुलगी तिथं राहून शाळेत जाऊ शकणार होती. तारामतीसाठी याहून दुसरं काय हवं होतं? ती विचारायला गेली. फाटकावरच्या माणसानं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आडनावावर जरा जास्त वेळ थांबला आणि म्हणाला, "भांड्याला जागा हाय. चुलीला न्हाई." तिथल्या मुख्य बाईंपर्यंत तिला जाऊच दिलं नाही.

मग तिनं बाईसाहेबांना चिठ्ठी मागितली. "बिस्किटं ही करती येवढंच लिवा. बाकी म्या बघते."

"देते हं," बाईसाहेब म्हणाल्या.

आठ दिवसांनी: "देते गं, विसरले." पंधरा दिवसांनी: "आता प्रदर्शन झालं की देतेच." चिठ्ठी दिली असती तर बिस्किटांवरचं नावही गेलं असतं आणि घरातली बाईही. एका कागदावर दोन नुकसानं कोण लिहून देईल?

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्ह्याला वर्ष झालं म्हणून मोठं प्रदर्शन भरलं. त्यात महिलांच्या पदार्थांची स्पर्धा होती. परीक्षक होत्या कमलम्मा, त्याच वसतिगृहाच्या मुख्य बाई. उदगीरकडच्या, बोलता बोलता कानडीत शिरायच्या. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "मला स्वयंपाकीण इथंच शोधायचीय. हाताला चव असली की झालं; बाकी मी कोणाचं काही विचारत नाही."

बाईसाहेबांनी ओटचे चार डबे मागवले. तीनशे बिस्किटं चांगुणानं दोन दिवसांत भाजली. बाईसाहेबांचा नक्षीचा डबा पुरेना, म्हणून मला घासून, आत कागद घालून, माझ्यातून बिस्किटं नेली. मांडवात मला टेबलाखाली, झालरीच्या आड ढकललं. लाथेनंच. सहावा पोचा. चांगुणाला सांगितलं होतं, "तू बाहेर थांब, लागलं तर हाक मारीन." ती मांडवाच्या दोराशी उभी राहिली. झालरीच्या फटीतून मला ती दिसत होती, मांडवाचं तोंडही दिसत होतं.

कमलम्मांनी एक बिस्किट मोडून खाल्लं. मग दुसरं.

"छान केलंय. ही वरची खूण कशानं करता?"

"चमच्यानं," बाईसाहेब म्हणाल्या.

"कसल्या चमच्यानं? मध्ये धार कशी राहते?"

"वेगळा चमचा आहे. पुण्याचा."

मांडवाच्या तोंडाशी एक छोटं टेबल होतं, अभिप्रायाच्या वहीचं. येणारानं वहीत दोन ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल त्यानं अंगठा उठवायचा. वही सांभाळायला कचेरीतला एक कारकून बसवला होता. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल, आता केसांत थोडा पांढरा रंग. कोणीतरी त्याच्या हातावर एक बिस्किट ठेवलं. त्यानं तोंडाकडं नेलं आणि सवयीनं आधी ठसा पाहिला.

गुरुलिंगचा हात तोंडाशी थांबला.

मित्रांनो, त्याची अडचण समजून घ्या. बाईसाहेबांचे साहेब हेच त्याचे साहेब होते. एक शब्द बोलला असता तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी लांबच्या तालुक्याला रवाना. त्यानं बिस्किटाकडं पाहिलं, मग बाईसाहेबांच्या नाजूक, अखंड अंगठ्याकडं. मग मान आणखी वर केली, आणि त्याला मांडवाच्या दोराशी उभी असलेली बाई दिसली. दहा वर्षांपूर्वी नागुबाईनं शिव्या देऊन एकदा दाखवलेला तो चेहरा तो विसरला नव्हता.

त्यानं साधी, सरकारी हाक मारली. "ओ बाई, अभिप्राय देऊन जावा. सगळ्यांनी द्यायचा हाय."

चांगुणा आत आली. तिनं त्याला ओळखलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सायेब, तुमी?"

"अंगठा. डावा."

तिनं शाईत अंगठा बुडवून वहीत दाबला. दोन पाकळ्या, मध्ये पांढरी फट. गुरुलिंगनं शाई वाळू दिली. मग हातातलं बिस्किट, न खाता, त्या ठशाशेजारी वहीवर ठेवलं. शेऱ्याच्या जागी काहीतरी बारीक लिहिलं आणि वही उचलून कमलम्मांपुढं धरली.

"अम्मा, जरा हे पान बघता का? सही लागते परीक्षकांची."

कमलम्मांनी पान पाहिलं, बिस्किट पाहिलं, पुन्हा पान पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग चांगुणाचा हात हातात घेऊन तो शाईचा अंगठा उजेडाकडं वळवला. टेबलाखालून मला बाईसाहेबांची फक्त पावलं दिसत होती. बाईसाहेबांच्या चपला एकदा मागं सरकल्या, आणि मग पुढं आल्या.

"तिनंच केलीत," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "पहिल्यापासून. मला वाटलं, नाव सांगितलं तर कोणी खाणार नाही... मग मला तेच आवडायला लागलं."

हे वाक्य म्हणायला त्यांना जड गेलं असणार. माझ्या मनात त्यांच्याविषयी जी अढी होती, ती त्या वाक्यानं निम्मी तरी उतरली. निम्मी अजून आहे. लाथेचा पोचा बुजलेला नाही.

"तंगी," कमलम्मा चांगुणाला म्हणाल्या. त्यांच्याकडं धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. "ऐंशी पोरी आहेत माझ्याकडं. जमेल?"

"पाचशेचं केलंय, अम्मा."

"मग बक्षीस काय हवं? ट्रॉफी आहे, स्टीलचा डबा आहे."

चांगुणा खाली वाकली, झालर वर केली आणि मला बाहेर ओढलं. "डबा हाय माझा. माझी पोरगी हाय एक, आठवीत घालायची. तिला जागा द्या."

कमलम्मा गेल्यावर ती वहीपाशी आली. "सायेब, काय लिवलं तुमी माज्या म्होरं?"

"जुनंच," गुरुलिंग म्हणाला आणि वाचून दाखवलं, "'डावा अंगठा दुभंग. बाई तीच.'" मग त्यानं ते वहीवरचं बिस्किट उचललं. "हजर," म्हणाला, आणि खाल्लं.

पुढं वीस वर्षं मी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात दर रविवारी तापलो. तारामती आठवीत बसली. पहिल्या वर्षी तिनं एक काम केलं: आईला सही शिकवली. पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी 'चांगुणा मारोती' अशी वाकडीतिकडी अक्षरं उमटली तेव्हा चांगुणानं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अंगठा लौकर व्हायचा." कागदावरून तो ठसा गेला, बिस्किटावरून मात्र कधीच गेला नाही. ऐंशी मुलींत एखादी नवी आली आणि बिस्किट कोणी केलं म्हणून विचारलं, तर बाकीच्या म्हणत, वाच की, वर लिहिलंय.

आता चांगुणा थकली आहे. तारामतीकडं नांदेडला असते. वसतिगृहात गॅसची मोठी भट्टी आली. मी माळ्यावर असतो. मधल्या काळात माझ्यात जुन्या पावत्या ठेवल्या, मग खिळे ठेवले, आता वाळूशिवाय काहीच नाही. नव्या मुली साफसफाई करायला चढतात तेव्हा मला हलवतात, खडखड ऐकतात आणि म्हणतात, "हे कशाला ठेवलंय?"

मुलींनो, मित्रांनो, मला घरात ठेवलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण कधी माझी आठवण झाली तर खाली उतरवा. वाळू बदला. बिजागरीला थेंबभर तेल द्या. ती खाजाभाईंच्या हातची आहे, अजून हलते. गंज घासून काढा, पोचेही ठोकून घ्या, मी कुरकुर करणार नाही. फक्त दार उघडाल तेव्हा आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एक काळा डाग दिसेल, दोन पाकळ्यांचा.

तेवढी जागा सोडून घासा.